मागची माणसं

अमृताचं सामान बऱ्हाणपूरला परत आलं त्या सकाळी लीलाधर सर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. कुरियरवाल्याने सही मागितली तेव्हा त्यांनी ती रोजच्यासारखीच, नावाखाली रेघ ओढून केली, आणि त्या वेळी आपला हात जराही थरथरला कसा नाही, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. एक निळी सुटकेस होती, गरम कपड्यांनी गच्च भरलेली एक पिशवी होती आणि टॉवेलात गुंडाळलेला तिचा लॅपटॉप होता. रजनीबाईंनी एकेक स्वेटर काढून पलंगावर पसरला. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, शेजारच्या कारखान्यातल्या पॉवरलूमची खडखड नेहमीसारखी भिंतीतून येत होती, आणि त्या लोकरीच्या ढिगावरून हात फिरवत त्या एवढंच म्हणाल्या, "अजून ओलसर आहेत हो."

अमृता त्यांची एकुलती एक मुलगी. इंदूरला इंग्रजी शिकली आणि शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला सिनेमाचा अभ्यास करायला गेली. सिनेमाचा अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या राजपुरा मोहल्ल्यात कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. लीलाधर सर विचारणाऱ्यांना "पीएचडी करतेय" एवढंच सांगत आणि विषय बदलत. तिने अभ्यासाला घेतला होता सिरिल हॅवरगेट नावाचा ब्रिटिश दिग्दर्शक, जो तिच्या जन्माआधीच वारला होता. तिकडे त्याला फार मान. त्याने सिनेमे मोजकेच केले, सगळे काळेपांढरे, आणि सगळे एकाच गावात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मार्शविक नावाचं मासेमारीचं लहानसं गाव आहे, तिथल्याच गल्ल्या, तिथलाच धक्का, आणि दोनतीन नट सोडले तर तिथलीच माणसं. व्हिडिओ कॉलवर अमृता आईला सांगायची, "आई, याच्या सिनेमात गोष्टीतल्या माणसांकडे बघायचंच नसतं. मागे बघायचं. मागची माणसं खरी आहेत. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही, ती आपापल्या कामाला चाललीत." रजनीबाई हो हो म्हणायच्या आणि जेवलीस का विचारायच्या.

हिवाळ्यात ती चार दिवसांसाठी त्या गावी गेली. एका बाईकडे खोली घेऊन राहिली. एका सकाळी कोट घालून समुद्राच्या दिशेने निघाली, घरमालकिणीने तिला कोपऱ्यावर वळताना पाहिलं, आणि त्यानंतर तिला कुणीही पाहिलं नाही. तिकडच्या पोलिसांनी कुत्री आणली, बोटी फिरवल्या. भरतीच्या पाण्याचा तिथे भरवसा नसतो, असं शेवटी कळवलं. काहीच सापडलं नाही. ही बातमी आली त्या संध्याकाळी रजनीबाई जिना उतरताना पडल्या आणि त्यांचा डावा पाय मोडला. तो सांधेपर्यंत इंग्लंडला जाण्याचं राहिलं ते राहिलंच. पाय बरा झाला, पण त्या तो जरा ओढत चालायला लागल्या. नातेवाईक हळूहळू सुचवू लागले की मुलीचं जे काय करायचं असतं ते करून टाकावं, तिलाही गती मिळेल. रजनीबाई त्यांच्यापुढे चहा ठेवत आणि आत निघून जात. लीलाधर सरांना मनातून ते पटत होतं. पण ते बायकोला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

सामान आल्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारच्या जेवणावर रजनीबाई म्हणाल्या, "ते गाव त्या सिनेमांत आहे ना?"

"आहे."

"मग मला दाखवा."

लॅपटॉपमध्ये हॅवरगेटचे सगळे सिनेमे होते. तो टीव्हीला कसा जोडायचा हे अमृतानेच मागे एका दिवाळीत वडिलांना शिकवलं होतं. लीलाधर सरांनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि पहिला सिनेमा लावला. एका टपालवाल्याची गोष्ट होती. तो एका बाईची पत्रं तिला देत नाही, एवढंच काहीतरी. संगीत नव्हतं, बोलणं फार कमी, आणि जे होतं ते इतक्या जाड उच्चारात की सरांनाही कळेना. पण वारा ऐकू यायचा. माणसं गल्लीतून निघून गेली तरी कॅमेरा गल्लीतच थांबायचा, ओल्या दगडांकडे बघत, आणि मग दूरवर एखादी बाई टोपली घेऊन जायची, एखादं दार लागायचं. लीलाधर सरांनी जन्मभर सरकारी शाळेत भूगोल शिकवला होता. हा किनारा त्यांनी फळ्यावर खडूने कितीदा काढला असेल, समुद्र तो कसा दरवर्षी थोडा थोडा कापत नेतो तेही सांगितलं असेल. पण त्या रेघेवर माणसं राहतात, आणि त्या माणसांच्या पायरीवर पाऊस पडतो, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. रजनीबाई गुडघ्यावर हात ठेवून, पापणी न हलवता बघत होत्या. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, "ती या गल्लीतून गेली असेल का हो?"

"गेली असेल."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून खिचडी टाकली आणि दोन वेळा वाढून घेतली. लीलाधर सरांना रडू आलं, ते त्यांनी मोरीत जाऊन आवरलं.

मग ते रोजचंच झालं. दुपारची भांडी झाली की पडदे ओढायचे आणि मार्शविकला जायचं. रजनीबाईंनी सिनेमांना आपली नावं दिली: टपालवाला, दोन बहिणी, आंधळा नावाडी, जळलेलं दुकान. गोष्टीत त्यांना रस नव्हता. त्या अमृताने सांगितल्यासारखं मागे बघायच्या. मध्येच "थांबवा" म्हणायच्या आणि पडद्याजवळ जाऊन एखादी गल्ली कुठे निघते ते बोटाने शोधायच्या. एका सिनेमातला पूल दुसऱ्या सिनेमात कुठल्या बाजूने दिसतो हे त्यांना समजायला लागलं. पाऊस आला, गेला, केळीच्या ट्रकांनी रस्ते उखडले, नवरात्र झालं, आणि रजनीबाईंना ते गाव शनवारा दरवाजाजवळच्या बाजारासारखं पाठ झालं. समोर राहणारी दीपाली कधी भाजी निवडायला यायची तेव्हा त्या तिला सांगायच्या की बेकरीवरून उजवीकडे वळलं की चढ लागतो आणि चढ संपला की देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. दीपाली सरांकडे बघायची. सर डोळ्यांनीच म्हणायचे, असू दे. बायको जेवत होती, झोपत होती. त्यांना दुसरं काही नको होतं.

एके दिवशी दोन बहिणींचा सिनेमा चालू असताना रजनीबाई म्हणाल्या, "ते हिरव्या दाराचं घर आलं की समजायचं, आता समुद्र दिसणार."

"हिरवं कशावरून?"

"म्हणजे काय? दिसतंय ना."

सर हसले. "अगं, काळापांढरा सिनेमा आहे."

रजनीबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. चूक कबूल न करणाऱ्या मुलाकडे बघावं तशी थोडी कीव होती. "खालून रंग उडालाय," त्या म्हणाल्या, "पण हिरवंच आहे."

सरांनी ते सोडून दिलं. एकच गोष्ट रोज बघितली की मन त्यात रंग भरतंच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून ते सिनेमाऐवजी बायकोकडेच जास्त बघायला लागले. त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावर वारा सुटला की रजनीबाई पदर डोक्यावरून ओढून घेतात. पडद्यावरून कुणी म्हातारी टोपली घेऊन जात असली की त्यांची मान किंचित हलते, रस्त्यात ओळखीचं कुणी भेटल्यावर हलते तशी. हाक मारली तर त्यांना यायला वेळ लागे, आणि आल्यावर त्या दमलेल्या असत.

पौषात दीपालीने आग्रहच धरला, म्हणाली, काकूंना जरा बाहेर काढा, इच्छापूरला देवीला नेऊ. तिघं गेली. पायऱ्या चढताना रजनीबाईंचा पाय दुखला, पण त्या वरपर्यंत आल्या, दर्शन घेतलं, प्रसाद घेतला. वर छान ऊन होतं आणि खाली नजर जाईल तिथपर्यंत केळीच्या बागा वाऱ्याने हलत होत्या. रजनीबाई कठड्याला धरून बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग एकदम वळून म्हणाल्या, "चला, लवकर उतरू. पाणी चढायला लागलं की खालचा रस्ता बंद होतो."

"काकू, इथं कुठलं पाणी?" दीपाली म्हणाली.

रजनीबाई ओशाळून हसल्या. "हो गं बाई. कुठं लक्ष होतं कोण जाणे."

घरी आल्यावर सरांनी टीव्हीमागची वायर काढली आणि कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी रजनीबाई रिकाम्या पडद्यासमोर नेहमीच्या जागी बसल्या, काही वेळाने म्हणाल्या, "लावा ना."

"बस झालं आता, रजनी. ती तिथे नाही."

"मला माहीत आहे. अजून नाही दिसली." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "पण आता लोक मला ओळखायला लागलेत. आधी कुणी बघत नव्हतं. आता बाया थांबतात, एखादीला विचारता येईल. अशा वेळी कशाला बंद करता?"

सरांनी त्यांना नेऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मुलीचं दुःख आहे, वेळ लागेल, म्हणाले. गोळ्यांनी रजनीबाई झोपल्या, पण जेवायच्या बंद झाल्या. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, आणि सर ताट घेऊन आले की तोंड न वळवता विचारायच्या, "त्याच्या बदल्यात तुम्ही मला काय देणार आहात?" पंधरवडाभर त्यांनी धीर धरला. मग एका दुपारी कपाट उघडून वायर काढली आणि परत जोडली. रजनीबाई उठल्या, तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसून येऊन बसल्या.

त्यानंतर सर त्यांच्याबरोबर बसेनासे झाले. दुपारी ते बाहेर ओट्यावर बसत, नाहीतर बाजारात जात. असेच एकदा भाजी घेऊन परत आले तर टीव्ही चालू होता, पडद्यावर एका ओल्या गल्लीत बारीक पाऊस पडत होता, आणि खुर्ची रिकामी होती. त्यांनी हाक मारली. स्वयंपाकघरात पाहिलं, मोरीत, गच्चीवर. चपला दाराशीच होत्या. ते घाबरून परत खोलीत आले तेव्हा रजनीबाई खुर्चीत बसलेल्या होत्या आणि पदराचं टोक पिळत होत्या.

"कुठे होतीस?"

"इथेच."

फाल्गुनातली दुपार होती, पत्रे तापून तडतडत होते. सरांनी त्यांचा हात हातात घेतला. तो इतका गार होता की त्यांनी नकळत सोडून दिला.

चैत्रात तृप्ती आली. ही इंदूरची मुलगी, इंग्लंडमध्ये अमृताबरोबर एका घरात राहायची. फोनवर बोलली होती, पण भेट कधी झाली नव्हती. भावाच्या लग्नाला आली होती, तेवढ्यात वेळ काढून बसने बऱ्हाणपूरला आली. दारात लीलाधर सर उभे राहिले तेव्हा ती नमस्कार करायला वाकली आणि मध्येच थबकली, मग सावरून म्हणाली, "काका, मी तृप्ती. पहले फोन करणार होते, पण तुम्ही नको म्हणाल असं वाटलं." सरांनी तिला आत घेतलं. टीव्ही आवाज बंद करून चालूच होता. तृप्तीने त्याकडे पाहिलं आणि ती बसायला विसरली.

"हे तुम्ही बघता?"

"तुझी काकू बघते."

रजनीबाई आतून पाण्याचा तांब्या आणि मावा जिलेबीची ताटली घेऊन आल्या. डावा पाय ओढत, डोक्यावर पदर घेऊन, दारापासून टेबलापर्यंत त्या आल्या तेवढा वेळ तृप्ती त्यांच्याकडे बघत होती. रजनीबाई तिच्याजवळ बसल्या, तिच्या गालावरून हात फिरवला, लग्नाची चौकशी केली. मग अगदी सहज म्हणाल्या, "अमृता जिच्याकडे उतरली होती ती बाई भली आहे. पायरीवर बर्फ साचला की सकाळीच मीठ टाकते, कुणी घसरू नये म्हणून. तिचं ते हिरवं दार रंगवायला झालंय मात्र."

तृप्तीच्या हातातली जिलेबी तशीच राहिली. "काकू, तुम्ही कधी गेल्या होत्या तिथे?"

"रोजच जाते," रजनीबाई म्हणाल्या. "तू जिलेबी खा."

तृप्ती फार वेळ थांबली नाही. बसची वेळ झाली म्हणाली. सर तिला शनवाऱ्यापर्यंत सोडायला निघाले. शनवारा दरवाजापाशी रिक्षा थांबवली तेव्हा तिने सरांचा हात धरला.

"काका, अमृता त्या गावी का गेली होती, तुम्हाला सांगितलं होतं तिने?"

"अभ्यासाला."

"हॅवरगेटच्या प्रत्येक सिनेमात मागे एक माणूस दिसतं. एकच. गावातल्या बाकी सगळ्यांची नावं निघाली, कुणाचा आजोबा, कुणाची मावशी. याचं नाव कुणालाच माहीत नाही. गाववाले म्हणाले, आमच्यातलं नाही. अमृताने त्याचा ध्यासच घेतला होता. रात्रंदिवस तेच. म्हणायची, तृप्ती, मी याला ओळखते, ही चाल मी लहानपणापासून बघितलीय. त्यालाच शोधायला गेली ती."

"बाई आहे?" सरांनी विचारलं. आपण हे का विचारलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "पाय ओढत चालते?"

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मागून एक ट्रक आला, त्याच्या आवाजात तृप्ती काहीतरी बोलली. सरांना ते ऐकू आलं नाही, पण तिची मान हलली होती, आणि डोळ्यांत पाणी होतं. रिक्षा निघून गेली.

एवढ्या उन्हात ते धावले. त्या वयाचा माणूस धावताना बघून लोक बाजूला झाले. गल्लीत दीपाली ओट्यावर गहू निवडत बसली होती, म्हणाली, "काय झालं काका? काकू आतच आहेत, मी इथंच तर बसलेय, कुणी बाहेर आलं नाही." दार लोटलेलं होतं. खोलीत टीव्ही चालू होता. जिलेबीची ताटली टेबलावर होती, तांब्या होता, दाराशी चपला होत्या. खुर्चीच्या गादीवर रजनीबाईंच्या अंगाचा खळगा अजून भरून आला नव्हता. पडद्यावर समुद्राकाठचा रस्ता होता, त्यावर कुणीच नव्हतं, आणि कॅमेरा थांबून होता.

पुढे जे व्हायचं ते सगळं झालं. पोलीस आले, त्यांनी दीपालीला तेच तेच विचारलं. राजघाटावर नावा घातल्या, तापीत त्या दिवसांत गुडघाभरही पाणी नव्हतं तरी घातल्या. स्टेशनवर, इच्छापूरला, नातेवाइकांकडे, सगळीकडे शोधलं. पेपरात फोटो आला. नातेवाईक पुन्हा येऊन बसू लागले आणि यावेळी त्यांच्यापुढे चहा ठेवायलाही कुणी नव्हतं. लीलाधर सरांनी टीव्हीवर चादर टाकली. ते त्या खोलीतून जाताना भिंतीला धरून जायचे. दीपाली डबा द्यायची, तो कधी उघडायचे, कधी नाही. मुलगी गेली तेव्हा निदान दोघं होते, एकमेकांना सांभाळायचं हे एक काम होतं. आता सकाळी उठून काय करायचं हेच त्यांना उरलं नव्हतं.

पावसाळा गेला, थंडी आली, आणि एका दुपारी त्यांनी चादर काढली.

आपण काय शोधणार आहोत हे त्यांना माहीत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. टपालवाल्यापासून सुरुवात केली. डोक्यावर पदर, डावा पाय ओढत चालणारी बाई. त्यांनी गोष्टीतल्या माणसांकडे पाहिलंच नाही. ते फक्त मागे बघत होते, पुलावर, चर्चच्या पायऱ्यांवर, बेकरीच्या रांगेत, धक्क्यावर. दुसऱ्या दिवशी दोन बहिणी. मग नावाडी, मग जळलेलं दुकान, मग उरलेले. परत पहिल्यापासून. थांबवून थांबवून. टोपलीवाल्या म्हाताऱ्या होत्या, जाळी विणणाऱ्या बाया होत्या, कुत्री होती, पोरं होती. ती नव्हती. अमृता नव्हती. कुठल्याच सिनेमात तशी कुठलीच बाई नव्हती. रजनी वेडी होती आणि मी वेडा आहे, असं ठरवून मोकळं व्हावं म्हटलं तर तेही होईना, कारण तृप्तीने सांगितलं होतं, तृप्तीने मान हलवली होती.

त्यांनी तिला फोन लावला. ती इंग्लंडला परतली होती. तिकडे सकाळ होती, मागे कुणीतरी भांडी ठेवत होतं. काकूंचं तिला कळलं होतं. ती रडवेल्या आवाजात बोलत राहिली आणि सर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तृप्ती, तू ज्या बाईबद्दल म्हणाली होतीस, ती मला सापडत नाही. कुठल्या सिनेमात नेमकी बघू?"

"कोणती बाई, काका?"

"मागे दिसते ती. जिला शोधायला अमृता गेली."

मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

"काका, मी बाई आहे असं म्हणालेच नव्हते. तुम्ही विचारलंत बाई आहे का, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. रिक्षाच्या गडबडीत तुम्हाला ऐकू नसेल आलं. म्हातारा आहे तो. समुद्राकडे पाठ करून बाकावर बसलेला असतो, आणि इकडे बघत असतो, कॅमेऱ्याकडे. बाकी कुणीच बघत नाही. इकडून कुणीतरी यायचंय असं तोंड. शेवटच्या सिनेमात तर तो उठतो आणि चार पावलं चालतोसुद्धा."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्याकडून मी घाईने निघाले त्याची मला फार लाज वाटते, काका. काकूंचं ते बोलणं ऐकून कसंतरी झालं, ते खरं. पण मी घाबरले होते त्याआधीच. तुम्ही दार उघडलंत ना, तेव्हा."

फोन कधी बंद झाला ते लीलाधर सरांना कळलं नाही. समोर शेवटचा सिनेमा थांबवलेला होता. त्यांनी तो पुढे नेला. रस्ता आला, समुद्र आला, वाकलेले दिव्याचे खांब आले, आणि त्या खांबांपुढे एक बाक आला, जो सरांनी इतक्या वेळा पाहून कधी पाहिला नव्हता. बाकावर कुणी नव्हतं. सगळीकडे बारीक पाऊस पडत होता, रस्ता भिजला होता, बाकाची लाकडं भिजून काळी झाली होती. फक्त एका टोकाला, एक माणूस बसेल एवढी जागा, अजून कोरडी होती.